पान दोनशे बारावरचं मनगट

छापखान्यात तिला सगळे कात्री म्हणतात. तोंडावर बाई, पाठीमागे कात्री. तिला हे माहीत आहे आणि मनातून थोडं आवडतंही. गेली सोळा वर्षं ती मुद्रितं तपासते. चुकीची वेलांटी दिसली की तिच्या कपाळावरची शीर उडायला लागते, आणि एखाद्यानं उगाच शब्दांचा फुलोरा फुलवला असेल, तर तो कितीही मोठा लेखक असो, समासात लाल शाईनं ती असा शेरा मारते की गडी आठवडाभर छापखान्याकडे फिरकत नाही. मालक म्हणतात, "बाई, शेरे नकोत, नुसत्या खुणा करत जा." ती हो म्हणते आणि शेरे मारते.

अशा बाईच्या टेबलावर ती कादंबरी आली.

कादंबरी चाळीस हजार वर्षांपूर्वीची. गुहा, बर्फ, भाले, आणि जाड भुवयांची निअँडरथल माणसं. त्यांच्यात वाढणारी एक परकी पोर, आपल्यासारखी सरळ कपाळाची. शिकारीला निघालेला बाप तिला त्यांच्या गुहेपाशी सोडून जातो आणि परत येत नाही. जाड भुवयांची एक म्हातारी तिला उचलून आत नेते. इथवर कात्री खूश होती. लेखकाची वाक्यं आखूड होती, ऱ्हस्वदीर्घ धड होतं. शनिवारी प्रकाशन, हॉल ठरलेला, पाहुणे ठरलेले. आज मंगळवार. तिला फक्त शेवटचा हात फिरवायचा होता.

पान एकतीसवर ती थांबली. तिथं लिहिलं होतं: 'ही माणसे एकमेकांना बोलावण्यासाठी गुरांसारखे जमिनीवर पाय आपटत. त्यांना बोलता येत नव्हते, म्हणून विचारही करता येत नव्हता. माकडे करतात तशा हातांनी ती काहीबाही हालचाली करत.' आणि खाली त्या हालचाली एकेक करून दिल्या होत्या. कपाळावरून बोट मागे नेलं की काल. पोटावर मूठ फिरवली की भूक. छातीवर चापट मारून तोच हात समोर धरला की, माझं ते तुझं.

कात्रीनं पेन खाली ठेवलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती उगाच नाही गेली. ती शेवटची खूण या जगात चारच माणसं करायची, त्यातले तिचे बाबा आता राहिले नाहीत. उरलेली तीन म्हणजे तिची आई, तिचा मामा आणि ती स्वतः.

आता हे घर कसं ते सांगायला हवं, नाहीतर तिचा राग म्हणजे नुसता आक्रस्ताळेपणा वाटेल.

खुर्च्यांचा कारखाना म्हणायचं, होती एक लांबट खोली. जमीन फळ्यांची. एका टोकाला बाबा लेथवर पाय कातायचे, मधे मामा पॉलिश करायचा, आणि खिडकीपाशी आई वेतानं बैठका विणायची. तिघंही जन्मापासून बहिरी. आई आणि मामा सख्खी भावंडं. त्यांनी लहानपणी आपल्याआपल्यात हातांची बोली बनवली आणि बाबा लग्नानंतर ती शिकले. कुणाला हाक मारायची तर टाच फळीवर दोनदा आपटायची. फळी थरथरते, दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या पायांना कळतं. आणि बोलणं? आईला लोक मुकी म्हणतात. अहो, कसली मुकी. तिचे हात एकदा सुटले की समोरच्याला जेवायला वेळ मिळत नाही. सकाळी भाजीवाल्यानं काय टाकाऊ माल दिला इथपासून ते मामा गेल्या वर्षी काय खोटं बोलला इथपर्यंत सगळं काढते, आणि वेत ओढायला हात लागतात म्हणून मधूनमधून तेवढी गप्प बसते.

या कारखान्यात लाकूड घेऊन एक ट्रकवाला यायचा. त्याची बायको वारली. एक दिवस त्यानं चार वर्षांची पोर फळ्यांच्या ढिगावर बसवली, आईला आठ बोटं दाखवली, म्हणजे आठ दिवस, आणि ट्रक घेऊन गेला. पोर आठ दिवस चपला काखेत धरून झोपली, बाप आला की लगेच निघता यावं म्हणून. नवव्या दिवशीही धरूनच झोपली. त्या बोलीत प्रत्येकाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. तिचं नाव तसंच पडलं: दोन तळवे एकमेकांवर ठेवायचे आणि काखेत दाबायचे. आज ती पोर अडतीस वर्षांची आहे, छापखान्यातली कात्री आहे, आणि आई अजून तिला तशीच हाक मारते, काखेत चपला.

तर एकतीस पानावर कात्रीला कळलं की लेखक कोण. म्हणजे नाव तिला माहीत होतं, मुखपृष्ठावर केवढं मोठं होतं. पण आई गेले सहा महिने ज्याच्याबद्दल सांगत होती, तो दुपारी येणारा, पेनाचं टोपण चघळणारा पाहुणा तो हाच, हे तिला आत्ता कळलं. ती दिवसभर छापखान्यात, तो दुपारी तिकडे. मोडकी खुर्ची घेऊन आला आणि रमला. आईनं त्याला चहा पाजला, खुणा शिकवल्या, त्याची खुर्ची नव्यानं विणून दिली. "आपल्यावर पुस्तक येतंय," असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. शनिवारी नेसायचं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं.

आणि या गृहस्थानं तिला गुहेत बसवून गुरगुरायला लावलं होतं. पानामागून पान गुरगुर. पोर त्यांना पहिला शब्द शिकवते आणि ती सगळी तोंडं वासून बघतात. पोर हुशार, पोर सुंदर, पोर माणूस. बाकीची ढिम्म. कात्रीनं समासात एकही शेरा मारला नाही. मालक दोनदा येऊन बघून गेले, बाई आज एवढी शांत कशी म्हणून.

दुपारी ती पान दोनशे बारावर आली.

तिथं बाप परत येतो. गुहेच्या तोंडाशी उभा राहून पोरीला तिच्या नावानं हाक मारतो आणि विचारतो, येतेस का? 'पोर हो म्हणाली. म्हातारीने डोळे मिटून घेतले. तिच्या जड मेंदूला दुःख पेलवेना, तेव्हा गुरे जशी उभ्या उभ्या झोपतात तशी ती झोपली. झोपेत तिचा हात सुटला. पोर माणसांकडे निघाली.' पुढची ऐंशी पानं पोर माणसांत कशी रमली त्याची होती.

कात्रीनं तो मजकूर पुन्हा वाचला, कारण हे घडलं होतं. ती सात वर्षांची असताना ट्रकवाला परत आला होता. दुसरं लग्न झालं होतं, घर झालं होतं, पोर हवी होती. आईनं तिचं मनगट धरलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की विषय संपला. त्याला कुणी काही सांगू शकत नाही, विनवू शकत नाही, धमकावू शकत नाही. आई तशी उभी राहिली. बाप ओरडला, तिचा हात ओढला, मामाला हातवारे केले. शेगडीवरचा लाकूड जोडायचा सरस गार होऊन त्याच्यावर पापुद्रा धरेपर्यंत ती उभी होती. शेवटी बाप वैतागून गेला, तो कायमचा. तेव्हा पोरीनं फळीवर दोनदा टाच आपटली आणि आईनं डोळे उघडले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईची ही आवडती गोष्ट होती, कुणालाही सांगायची.

पण पोर हो म्हणाली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. बापानं तिला तिच्या लाडक्या नावानं मारलेली हाक तीन वर्षांनी तिच्या कानावर पडली होती, आणि तिच्या तोंडून हो निघून गेलं. ऐकणारा फक्त बाप होता. एकतीस वर्षं ते हो ती एकटी पोटात घेऊन हिंडत होती. मग या टोपणवाल्यानं ते लिहिलं कसं? सुचलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. लेखकच तो, अंदाजानं मारलं असेल.

चार वाजता तो मुखपृष्ठाचा रंग बघायला आला. कात्री उठली आणि दोनशे बारावं पान त्याच्यासमोर धरलं.

"हे बदला."

"काही चूक राहिली का?" त्यानं चष्मा काढला. आवाज मऊ, सभ्य.

"राहिली. त्या बाईनं डोळे मिटले ते झोपायला नाही. आणि पाय आपटणं म्हणजे हाक आहे, गुरं नाहीत ती."

मालक घाईनं मधे आले. "बाई, तुम्ही वेलांट्या बघा."

"वेलांट्या बरोबर आहेत. माणसं चुकली आहेत."

लेखक पेनाचं टोपण तोंडात धरून हसला. "बाई, ही निअँडरथल माणसं आहेत. तुम्ही कुणाच्या बाजूनं भांडताय? ती कधीच संपली."

"संपली नाहीत. खिडकीपाशी बसून वेत ओढतायत. तुम्ही त्यांचा चहा प्यायलात. मी त्यांची मुलगी."

त्याच्या तोंडातलं टोपण खाली पडलं. आणि मग, तुम्हाला पटणार नाही, तो खूश झाला. "म्हणजे ती तुम्ही! अहो, प्रस्तावनेत आभार मानलेत मी, एका मुक्या कारागीर बाईंचे. त्यांनी किती मनापासून सांगितलं सगळं."

"मग मनापासून ऐकायचं होतंत. मी गेले नाही. राहिले. पुढची ऐंशी पानं तुम्ही कुठून आणलीत?"

"कथेला पोर जायला हवी. राहिली तर वाचेल कोण? आणि तसं बघितलं तर..." तो जरा थांबला, पण थांबून राहण्याइतका शहाणा नव्हता. "तुम्ही हो म्हणाला होतात ना? तुमच्या आईनंच सांगितलं."

छापखान्यात मशीन चालू होतं म्हणून बरं, बाकी कुणी ऐकलं नाही. कात्रीनं पान उचललं, पिशवीत टाकलं आणि पाच वाजायच्या आत घरी निघाली. मालक मागून म्हणाले, "अहो, ते उद्या अकराला सही करायला येणार आहेत, पान आणा परत." तिनं मागं वळून पाहिलं नाही.

आई खिडकीपाशी होती. कात्रीनं टाच आपटली, नेहमीपेक्षा जोरात. मामानंसुद्धा मान वर केली.

"मी हो म्हणाले होते, हे तुला कसं माहीत?" तिनं हातांनी विचारलं.

आईनं ओला वेत बादलीत सोडला, हात पुसले. "बघितलं. ओठ गोल झाले. एवढं तर मला वाचता येतं."

"आणि सांगितलं नाहीस? एकतीस वर्षं?"

"डोळे का मिटले मग मी? तू परत म्हणाली असतीस तर मला सोडावं लागलं असतं. एकदाचं चालतं. एकदा माणूस काहीही बोलतो."

"आणि नंतर? नंतर तरी विचारायचंस."

"नाही विचारलं," आई म्हणाली. "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. तुला खोटं कुठं बोलता येतं."

कात्री चिडली. आईवर चिडली, त्या टोपणवाल्यावर चिडली, त्या ट्रकवाल्या बापावर चिडली, आणि सात वर्षांच्या त्या पोरीवर तर असली चिडली की ती समोर असती तर मुस्काटात बसली असती. परक्या माणसाला सांगितलं आणि मला नाही, हे तर तिच्या फारच वर्मी लागलं. तिनं पिशवीतून पान काढलं आणि आईपुढे आपटलं. मग सगळं हातांनी सांगितलं; काही वगळलं नाही, गुरगुर नाही, माकडं नाहीत, जड मेंदू नाही. मामा पॉलिशचा बोळा तसाच धरून बघत राहिला.

आई शांतपणे बघत होती. गुरगुरीवर हसली. माकडांवर मामाकडे बोट दाखवलं. पण शेवटच्या ओळीला तिची मान ताठ झाली.

"हात सुटला?"

"असं लिहिलंय."

"माझा?"

"म्हातारीचा."

"म्हातारी कोण, मीच ना. माझा हात सुटला असं लिहिलंय त्यानं?" आई उठली. "चार दिवस वळ होता तुझ्या मनगटावर. मी तेल लावत होते त्याला. मी त्याला दाखवलं होतं धरून, त्याचंच मनगट धरून दाखवलं होतं, असं धरलं म्हणून." तिनं खुंटीवरचं लुगडं ओढलं, शनिवारसाठी काढलेलं, आणि पेटीत कोंबलं. "किती वाजता येणार तो?"

बुधवारी अकराला लेखक आला तेव्हा आई मालकांच्या टेबलासमोर उभी होती. कामाचाच पोशाख, पदराला वेताच्या साली चिकटलेल्या. त्यानं हसून तिला नमस्कार केला, शिकलेली एक खूणसुद्धा करून दाखवली, माझं ते तुझं. आईनं त्याचं डावं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

"हे काय?" तो म्हणाला. आधी हसत म्हणाला. मग हात ओढून बघितला. पंचेचाळीस वर्षं वेत ओढलेली बोटं होती ती. "बाई, सांगा ना यांना," तो कात्रीकडे वळून म्हणाला.

"ऐकू येत नाही त्यांना."

"मग खुणा करा."

"डोळे मिटलेत."

मालकांनी कपाळाला हात लावला. आईच्या तोंडासमोर चुटक्या वाजवल्या, मग आपण काय करतोय ते कळून ओशाळले. कात्रीनं दोनशे बारावं पान टेबलावर ठेवलं, लाल पेन लेखकाच्या मोकळ्या हातात दिलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मंगळवारची पानं राहिली होती, ती तपासायला घेतली. घाई कुणाला होती? तिच्या बापाला सरस गार होईपर्यंत वेळ लागला होता.

लेखक रागावला. मग समजुतीनं बोलला. मग कलावंताच्या स्वातंत्र्यावर बोलला, ते मशीनवाल्यानंही ऐकलं. मग त्याचे खांदे उतरले. "बरं, लिहितो," तो म्हणाला. "सुटला नाही असं लिहितो." लिहायला लागला आणि मधेच थांबला. "पण मग पोर जाईल कशी?"

"तेच तर," कात्री मान वर न करता म्हणाली.

"आणि पुढची ऐंशी पानं?"

"हॉलला कळवतो मी," मालक मेल्या आवाजात म्हणाले.

मग एकेक करून लेखकानं त्या ओळी खोडल्या, झोपेच्या, गुरांच्या, जड मेंदूच्या, आणि वर लिहिलं: 'म्हातारीचा हात सुटला नाही.' कात्रीनं उठून वाचलं. "पूर्णविराम राहिला," ती म्हणाली. त्यानं तो दिला.

"आता तरी सोडायला सांगा."

फक्त टाच आपटायची होती; छापखान्याची जमीनही फळ्यांचीच होती. कात्री आईसमोर येऊन उभी राहिली. गच्च मिटलेले डोळे, आवळलेले ओठ, कपाळाला आठ्या. हाच चेहरा तिनं तेव्हा खालून पाहिला होता. याला कुणी झोप म्हणतं. तिला पुन्हा सणकून राग आला आणि त्या रागातच तिनं टाच आपटली, दोनदा.

आईनं डोळे उघडले, पण मनगट सोडलं नाही. "काय म्हणाला?"

"सुटला नाही म्हणाला. लिहून दिलंय."

आईनं पान बघितलं, तो लाल शब्द बोटानं चाचपला, आणि मग हात सोडला. लेखक मनगट चोळत बाजूला झाला. त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

"थांब," कात्री हातांनी म्हणाली. "तू मला विचारलं नव्हतंस. आता सांगते."

आईची नजर चटकन दाराकडे वळली. क्षणभर वाटलं, ही पुन्हा डोळे मिटते की काय. मिटले नाहीत तिनं. बघत राहिली.

कात्रीनं दोन तळवे एकमेकांवर ठेवले आणि काखेत दाबले, आपलं नाव सांगतात तसे. मग काखेतून त्या नसलेल्या चपला काढल्या, खाली वाकली, आणि छापखान्याच्या शाईनं माखलेल्या फळ्यांवर आईच्या पायांशेजारी ठेवल्या.

आईचा चेहरा वेडावाकडा झाला. मग तिनं कात्रीच्या दंडावर एक चापट मारली, चांगली झणझणेल अशी.

"एवढा उशीर?" ती म्हणाली, आणि तिचं मनगट धरून तिला घरी जेवायला घेऊन गेली.